फक्त माझ्याच लॅपटॉपवर उघडणारी वेबसाइट

कोल्हारला माझा कॉम्प्युटर क्लास होता. शिकवायचो टायपिंग आणि एक्सेल. पण आमच्या दहावीच्या बॅचचा स्नेहमेळावा ठरला तेव्हा ग्रुपवर बेधडक लिहून टाकलं, शाळेच्या जुन्या फोटोंची वेबसाइट मी करतो. ग्रुपमध्येच असलेल्या आमच्या निवृत्त सरांनी जपून ठेवलेले फोटो पिशवीत घालून स्वतः आणून दिले.

व्हिडिओ बघत बघत मी वेबसाइट चालवणारं नोड हे सॉफ्टवेअर बसवलं, त्यावर काम सोपं करणारं एक्सप्रेस घेतलं. दहा-बारा ओळी लिहिल्या आणि ब्राउझरमध्ये माझंच वाक्य उमटलं. चार दिवसांत फोटोही दिसायला लागले. वरच्या पट्टीत लोकलहोस्ट आणि पुढे तीन हजार असा पत्ता होता, तोच मी ग्रुपवर टाकला.

कुणाच्याच मोबाईलवर काही उघडेना. नेट तपासा, असं मी ऐटीत लिहिलं. बाकीच्यांनी नाद सोडला. सर मात्र क्लासवर आले, मोबाईल पुढे करून म्हणाले, माझंच काहीतरी चुकत असेल. मी पत्ता पुन्हा टाकून पाहिला. उघडला नाही.

"मोबाईल जुना झालाय, सर," मी म्हणालो.

त्याच संध्याकाळी शोधता शोधता कळलं, लोकलहोस्ट म्हणजे ज्याचं त्याचं मशीन. माझ्या लॅपटॉपवर तो पत्ता लॅपटॉपमध्येच शोधायचा, सरांच्या मोबाईलवर त्यांच्या मोबाईलमध्ये. फोटो तर माझ्याकडे. तेव्हाच सरांना फोन करायला हवा होता. कॉम्प्युटर शिकवणाऱ्याला एवढं माहीत नव्हतं, हे कोणत्या तोंडानं सांगणार? नाही केला.

दोन आठवड्यांनी साइट भाड्याच्या सर्व्हरवर, म्हणजे नेटवरून कुणालाही पोचता येईल अशा मशीनवर चढवून खरा पत्ता घेऊन सरांच्या घरी गेलो. फोटो भराभर उघडले. सरांच्या हातात नवाकोरा मोबाईल होता.

"तू म्हणालास म्हणून घेतला," ते म्हणाले.

मान खाली घालून मी सगळं सांगितलं. सर बराच वेळ फोटोच पुढे सरकवत राहिले.

"वर्गात उत्तर आलं न्हाई, तर तू उभा राहून सरळ 'येत न्हाई' म्हणायचास," ते म्हणाले. "मला ते लई आवडायचं."

मग त्यांनी चहा सांगितला. घरी येऊन ग्रुपवर लिहिलं, चूक माझी होती. चौघांनी हसण्याची इमोजी टाकली. सरांनी मेसेज वाचल्याचं दिसलं.