कपॅसिटर, एक

ऑफिसातले किस्से टेबलाखाली पडलेल्या तारांच्या तुकड्यांसारखे असतात. रोज झाडा, तरी एखादा चपलेत घुसून टोचतोच! माझ्या चपलेतले बहुतेक परबांचे.

ऐंशीच्या दशकात मरोळला आमची छोटी कंपनी सलाईनचे थेंब मोजणारी यंत्रं बनवायची. मधे प्लायवूडचं पार्टिशन. अलीकडे प्रोग्राम लिहिणारी मी, आणि एसी. पलीकडे सोल्डरिंग करणारे परब. गिरणी बंद पडल्यावर आलेले, अजून टेंपररी. त्यांच्याकडे पंखासुद्धा बंद, कारण वाऱ्याने सोल्डरिंगचं टोक थंड पडतं.

"मॅडम, तुमच्या प्रोग्रामाक भारी उकडता काय?" परब पलीकडून विचारायचे.

* * *

खंडेनवमीला सगळ्यांनी हत्यारं पूजेला मांडली. माझ्याकडे फक्त पेन्सिल! परबांनी माझ्या प्रोग्रामची चिप आणली आणि कुंकू लावायला तिच्यावरचं स्टिकर सोलायला लागले.

मी किंचाळले, "अहो, वाट लागेल! आत ऊन गेलं तर प्रोग्राम पुसला जातो!"

त्यांनी स्टिकरवरच कुंकू लावलं. "म्हणजे ह्यां तुमचा की आमचा?"

मी स्टिकरची सुटलेली कड परत दाबून बसवली.

* * *

साहेबांना मात्र या प्रश्नाचं उत्तर लागायचंच. बिघडलेल्या प्रत्येक यंत्राला चिठ्ठी: चूक हार्डवेअरची की सॉफ्टवेअरची? हार्डवेअरच्या तीन झाल्या की परब घरी. दोन झाल्या होत्या.

त्यातली दुसरी माझ्यामुळे. यंत्र एकच थेंब दोनदा मोजत होतं. सेन्सरचा सिग्नल थरथरत होता हे खरं, पण ती थरथर माझ्या प्रोग्रामलाही गाळता आली असती. साहेबांनी 'हार्डवेअर' लिहिलं आणि मी गप्प बसले. अजून लाज वाटते.

* * *

पुढची सगळी यंत्रं पास! साहेब पेढे घेऊन माझ्याकडे आले. "झकास प्रोग्राम!"

मी तर एक अक्षर बदललं नव्हतं यार! बोर्ड उलटा करून बघितला. मागे एक चिमुकला कपॅसिटर, सिग्नल शांत करणारा, ड्रॉइंगमध्ये कुठेच नसलेला.

"थेंब थरथरता, मॅडम," परब हळूच म्हणाले. "तेका जरा धीर दिलंय."

* * *

महिन्याभरात तो कपॅसिटर साहेबांना दिसलाच. "ड्रॉइंगच्या बाहेरचा पार्ट? कोणाला विचारून?" तिसरी चिठ्ठी लिहायला त्यांनी पेन काढलं. परब मान खाली घालून उभे.

"ते हार्डवेअर नाही," मी म्हणाले. "माझ्या प्रोग्रामचा भाग आहे."

"डोकं ठिकाणावर आहे ना? कपॅसिटर, आणि प्रोग्राम?"

"प्रोग्रामने करायचं काम तो करतोय, सर. चूक माझी होती. मागची चिठ्ठीसुद्धा माझ्याच नावावर लिहा."

मी प्रोग्रामचा छापील कागद काढला आणि शेवटच्या ओळीखाली पेनाने लिहिलं: 'कपॅसिटर, एक. लिहिणारे: परब.'

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. आणि सही केली!

साहेब गेल्यावर परबांनी तो कागद हातात घेतला आणि आपलं नाव वाचलं.

"बारा वर्सां मिलात कापड काढलंय, मॅडम," ते म्हणाले. "कापडार माजा नाव कधी इला नाय."