मधल्या खोलीतला कापूस

दिगांबरभाऊंनी मधल्या खोलीचं दार उघडलं आणि मी उंबऱ्यावरच थांबले. आत जमीन दिसत नव्हती. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कापूस, माझ्या डोक्याच्याही वर. पलीकडच्या दाराकडे जायला कडेनं जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट. महिन्यापूर्वी याच रिकाम्या खोलीतून मोबाईल हातात धरून मी मागच्या खोलीपर्यंत फिरले होते आणि मोठ्या ऐटीत सांगितलं होतं की तुमच्या घराला एक साधा राऊटर पुरे.

"हे कधी भरलं?" मी विचारलं.

"दरसाल भरते, ताई. कापूस दुसरीकडं ठेवाव कुठी?"

मी खामगावात वाढलेली. दारावरून कापसाच्या गाड्या जाताना लहानपणापासून बघितलेल्या. गाडीत चढण्याआधी तो कापूस राहतो कुठे, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

घरांत, दुकानांत नेटवर्क बसवणं हा माझा व्यवसाय. बाई ड्रिल मशीन घेऊन आलेली बघून लोक "माणूस मागून येतोय का?" असं विचारतात, त्याची आता सवय झाली आहे. दसऱ्याच्या आधी दिगांबरभाऊंचा सोनाळ्याहून फोन आला होता. त्यांच्या पत्नी कमलबाई पडल्या होत्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. त्या तेव्हा अकोल्याला दवाखान्यात होत्या. घरी आल्या की तीन महिने मागच्या खोलीत पडून राहायच्या होत्या, कारण बाथरूम तिकडेच. घरात मोबाईलला रेंजची एकच काडी. मुलगी मनीषा पुण्यात एका कारखान्यात पॅकिंगला.

"मायलेकी लय बोलतात," दिगांबरभाऊ म्हणाले होते. "तेवढं बोलनं झालं पाह्यजे. बाकी मले काय लागत नाही."

घर एका ओळीत तीन खोल्यांचं. नेट घेणारी छोटी डिश पुढच्या बाजूला गच्चीवर, म्हणून राऊटर पुढच्या खोलीत. राऊटर म्हणजे बाहेरून आलेलं नेट घरभर हवेतून वाटणारा डबा. दिगांबरभाऊंच्या मनात सहा अँटेनावाला भरला होता. तो दोन पट्ट्यांवर, म्हणजे दोन बँडवर चालतो. एक पट्टा वेगवान, पण भिंत आली की दमतो. दुसरा सावकाश, पण भिंतीतून जातो. तुम्हाला सावकाशवालाच कामाचा, मग शिंगं मोजून पैसे कशाला घालवता, असं मी त्यांना समजावलं. मागच्या खोलीत उभी राहून एक व्हिडिओ लावून दाखवला. तो कुठेही न अडकता चालला आणि मी खूश होऊन परत आले.

दिवाळीनंतर त्यांचा फोन आला की चित्र अडकून राहतं. मी माझ्या दुकानात गिऱ्हाईकाशी बोलत होते. आम्ही सगळे विचारतो तोच प्रश्न विचारला, आवाज येतो ना? ते म्हणाले, आवाज तर येतो. मग राऊटर बंद करून चालू करा, असं सांगून मी फोन ठेवला. नेट कमी पडलं की व्हिडिओ कॉल आधी चित्र सोडतो आणि आवाज सांभाळतो. बहुतेकांना तेवढं चालतं. चार दिवसांनी पुन्हा फोन आला. या वेळी ते एवढंच म्हणाले, "ताई, तुम्ही एकदा येऊन पाहा." आवाज इतका उतरला होता की मी दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली बस धरली.

कापसाच्या कडेनं अंग चोरत मी मागच्या खोलीत गेले. कमलबाई पलंगावर, पायाला वजन लावलेलं. मी हसून विचारलं, पोरीशी बोलणं होतं का? त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

दिगांबरभाऊ दाराशीच उभे होते. "मनीषाले ऐकू येत नाही, ताई. लहानपणापासून. मायलेकी हातानं बोलतात."

"मग तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"सांगतलं ना. लय बोलतात म्हनलं."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्या घरात बोलणं म्हणजे हातांनीच बोलणं. आवाज येतो का, या माझ्या प्रश्नाचं उत्तरही त्यांनी खरंच दिलं होतं. मनीषाच्या खोलीतल्या पंख्याचा आवाज व्यवस्थित येत होता.

त्यांनी मोबाईलवरचे मनीषाचे मेसेज दाखवले. आई हलत का नाही? फोटो पाठवला तर लिहिलं होतं, हा जुना आहे. शेवटचा मेसेज आदल्या रात्रीचा. तुम्ही माझ्यापासून लपवता, मी सोमवारी काम सोडून येते. पोरीला वाटत होतं की आई गेली. मी मोबाईल परत दिला.

मी सिग्नल मोजला. पुढे भरपूर, कापसाच्या अलीकडे ठीक, पलीकडे जवळजवळ काहीच नाही. ओलसर कापूस एवढा रचला की तो सिग्नल पिऊन टाकतो. त्या वर्षी, अळी लागत नाही म्हणतात त्या बीटी कापसावरही बोंडअळी पडली होती. माल पिवळसर, व्यापारी नाक मुरडत होते, म्हणून भाव येईपर्यंत घरात ठेवलेला.

"उद्याच गाडी भरतो," दिगांबरभाऊ म्हणाले. "जे देतीन ते घेतो. तिले माय दिसली पाह्यजे."

"कापूस हलवायचा नाही," मी म्हणाले. "चूक माझी आहे."

बाजारात रिपीटर नावाचा डबा मिळतो. आलेला सिग्नल उचलून तो पुढे फेकतो. पण पलीकडे उचलायलाच काही नव्हतं. मग एकच उपाय उरला. पुढच्या राऊटरपासून बाहेरच्या भिंतीनं केबल न्यायची आणि मागच्या खोलीत दुसरा छोटा राऊटर लावायचा. कापूस आला की उंदीर आलेच, म्हणून केबल पाइपातून. केबल आणि राऊटर माझ्या पिशवीत होते, पाइप गावातच मिळाला. मी भिंतीला भोक पाडायला लागले तसे भाऊ बघतच राहिले.

"वायरलेस म्हन्ता ना ताई, मंग हे वायर काऊन?"

मला त्याही अवस्थेत हसू आलं. म्हटलं, भाऊ, शेवटचे दहा फूटच वायरलेस, बाकी बहुतेक वायरच असतं.

चारच्या सुमाराला मनीषा पडद्यावर आली. डोळे सुजलेले. आईला पाहूनही तिचा विश्वास बसेना. तिनं खूण केली, डावा हात वर कर. कमलबाईंनी केला. मान फिरव. फिरवली. जीभ दाखव. दाखवली. मग पोरगी ओंजळीत तोंड घेऊन रडायला लागली. कमलबाईंनी तिला रडू दिलं, आणि तिचं तोंड वर आलं तशी जी हात चालवायला सुरुवात केली! खोलीत फक्त बांगड्यांचा आवाज. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं.

"काय म्हणतात?" मी हळूच विचारलं.

दिगांबरभाऊ डोळे पुसत म्हणाले, "झापून राह्यली. काम सोडाचा इचार केलाच कसा म्हन्ते."

परतीच्या बसमध्ये कापसानं हात भयंकर खाजत होते आणि मी मधूनमधून एकटीच हसत होते.

आता कुठल्याही घरी गेले की राऊटरचं नाव मी शेवटी काढते. ही खोली वर्षभर अशीच असते का, हे आधी विचारते. आणि घरात कोण कोणाशी कसं बोलतं, ते बसून नीट ऐकून घेते. हे कुठल्या कोर्समध्ये शिकवत नाहीत.