कात्रीकाकूंच्या घरी रेंज नाही

गावात सगळे त्यांना कात्रीकाकू म्हणत. एक तर त्या कपडे शिवत, आणि दुसरं म्हणजे त्यांची जीभ. शर्ट घट्ट झाल्याची तक्रार घेऊन कुणी आलं, की "शर्ट होता तेवढाच आहे, तुम्ही वाढलात," असं तोंडावर सांगायला त्या कचरत नसत. अशी खमकी बाई घरातल्या रडक्या नेटपुढे नांगी टाकून बसते, याचं लोकांना नवल वाटे.

टेलिफोनची जुनी तार जरा वारा सुटला की तुटायची. फायबर मोठ्या रस्त्यापर्यंत आलं होतं, पण पुढे आणायचं तर काकूंच्या परसात खांब रोवावा लागणार होता. खांब रोवायला आलेल्या माणसांना काकूंनी दारातूनच वाटेला लावलं. मुलीनं पाठवलेलं दुसऱ्या कंपनीचं सिमकार्ड त्यांनी बटणांच्या डब्यात टाकलं आणि वर झाकण घट्ट लावलं. म्हातारी हटवादी आहे, असं लोक म्हणाले. हट्ट कसला, काकू घाबरल्या होत्या.

काका शेवटच्या दुखण्यात मागच्या खोलीत पडून होते, तेव्हाची गोष्ट. फोनवर दूरच्या शहरातली मुलगी दिसत होती. "येतेस ना?" काकांनी विचारलं आणि नेमकी तेव्हाच बाहेर तार तुटून चित्र अडकलं. मुलीचा चेहरा अर्धवट हसू घेऊन तसाच थांबला. काकांना काही कळलं नाही, ते त्या चेहऱ्याकडे बघत उत्तराची वाट पाहत राहिले. काकूंना ते बघवेना. खाटेमागून त्या म्हणाल्या, "हो म्हणतेय ती. उद्या निघतेय."

काकांनी दाराकडे डोळे लावले. "आली का गं?" असं विचारत विचारतच ते गेले. तार जोडून मिळेपर्यंत सगळं आटोपलं होतं. बापानं आपल्याला बोलावलं होतं, याचा मुलीला पत्ताच नव्हता.

काकूंनी त्या खोलीला कुलूप घातलं. तरी शिलाई मशीन थांबलं की मागून आवाज यायचा, "आली का गं?" काकू घाईघाईनं पुन्हा पाय चालवायच्या. घरात दुसरं कुणी नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यानं आवाज थांबत नसे.

आणि मुलगी दर फोनला विचारायची, "बाबा शेवटी काय म्हणाले गं?" मग काकू सुरू करायच्या, "हॅलो, हॅलो, ऐकू येत नाही!" नेट रडतखडत चालत होतं, तोवर काकूंचं निभत होतं.

शेवटी मुलीनं परस्पर नेटची डिश बसवणारा माणूस पाठवला. तो फोन हातात धरून घरभर हिंडला. स्वयंपाकघरात रेंजची एक काडी, शिवणाच्या खोलीत तीही नाही.

"ही खोली?"

"ती नाही उघडत मी."

"काकू, टॉवर त्याच बाजूला आहे. बाकी सगळीकडे टेकडी आडवी येते."

मुलीनं सगळं आधीच ठरवून टाकलं होतं. काकूंनी किल्ली दिली. त्यानं खिडकीबाहेर डिश बसवली, आणि खाटेच्या उशाशी स्टुलावर नेटचा डबा ठेवला.

"आता वारा येवो की वादळ, चित्र हलायचं नाही," तो खुशीत म्हणाला.

संध्याकाळी फोन वाजला. काकू पंखा लावून खाटेच्या कडेवर अंग चोरून बसल्या. चित्र इतकं लख्ख, की मुलीच्या भांगातला पांढरा केससुद्धा दिसत होता. कधी पिकली ही पोर, असं मनात येऊन काकूंना गलबलून आलं. इकडचं तिकडचं बोलून झालं.

"आई, आता सांग. बाबा शेवटी काय म्हणाले?"

"हॅलो? हॅलो?"

"मला नीट ऐकू येतंय, आई."

काकूंना पळायला वाटच उरली नाही. मग त्यांनी तोंड अर्धवट उघडं ठेवलं, पापणी रोखली, श्वास रोखला, आणि त्या तशाच थांबल्या. अडकलेल्या चित्रासारख्या.

पलीकडे मुलगी फोनच्या जवळ सरकली.

"आई," ती हळूच म्हणाली, "मागे पंखा फिरतोय गं."