रिकामं ते उलटं

सेंदाई स्टेशनवरून डोंगराकडे जाणारी बस जिथे संपते, तिथून पुढे बारा घरं आहेत. अकरा घरांत म्हातारी जपानी माणसं राहतात आणि बाराव्यात गुणवंत दाभोळे आणि त्यांची बायको सुलेखा. तीन वर्षांच्या करारावर पुण्याहून आलेले गुणवंत एकोणतीस वर्षं इथेच राहिले. प्रयोगशाळेचे वजनकाटे बनवणाऱ्या एका कंपनीत काटा खरं बोलतो की नाही हे तपासायचं, एवढंच त्यांचं काम. गेल्या मार्चमध्ये ते निवृत्त झाले.

असा माणूस अस्वलांच्या शिकारीत पडला तो शेजारच्या ओनोदेरा-सानांमुळे. ओनोदेरा गावच्या शिकारी मंडळाचे प्रमुख. मंडळात तेव्हा सात जण उरले होते, सगळे सत्तरीच्या आसपास. उलट अस्वलं दरवर्षी वाढत होती आणि शरद ऋतूत पर्सिमनच्या फळझाडांवर येऊन बसत होती. ओनोदेरा एकदा कुंपणावरून म्हणाले, "गुना-सान, आम्हाला एक तरुण माणूस हवाय." गुणवंत तेव्हा पन्नास वर्षांचे होते. 'नाही' म्हणणं त्यांना आयुष्यात कधी जमलं नव्हतं.

जपानात बंदुकीचा परवाना मिळवणं म्हणजे मुलीचं लग्न ठरवण्याहून अवघड. पोलीस घरी येतात, बायकोला एकटीला बसवून विचारतात. सुलेखाला विचारलं, नवरा रागीट आहे का? ती मोडक्या जपानीत म्हणाली, "आमटीत मीठ कमी पडलं की रागावतो. पण त्यासाठी बंदूक लागत नाही." पोलिसाने ते गंभीरपणे लिहून घेतलं. मग शेजाऱ्यांना विचारतात. ओनोदेरांनी त्या दिवशी दाराशी उभं राहून सांगितलं, "हा माणूस भाताची शितंसुद्धा मोजून खाईल. ह्याच्या हातून चूक होणार नाही. ह्याची जबाबदारी माझी."

हे वाक्य गुणवंत विसरले नाहीत. पहिली दहा वर्षं छर्‍याची बंदूक आणि मगच रायफल, असा इथला कायदा. ती दहा वर्षं ओनोदेरांच्या मागे दहा पावलं चालण्यात गेली. शिकारीचं मांस मात्र त्यांच्या घरात कधी आलं नाही. सुलेखा शाकाहारी. ओनोदेरा दरवेळी अस्वलाच्या मांसाचा वाटा कागदात बांधून आणत, गुणवंत दरवेळी तो कपाळाला लावून परत देत, आणि दोघांनाही त्यात काही विचित्र वाटत नसे.

खरी शाळा ओनोदेरांच्या घरामागच्या खोपटात भरे. दुकानातली तयार काडतुसं ते वापरत नसत. झाडलेलं पितळी काडतूस उचलून आणायचं, साफ करायचं, बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, मोजून दारू भरायची आणि वर गोळी दाबायची. त्यासाठी पन्नास भोकांचा एक लाकडी ठोकळा होता, हात लागून लागून काळा झालेला. त्याचा नियम एकच. रिकामं काडतूस उलटं ठेवायचं, तोंड खाली. हातात घेऊन दारू भरली की मगच सुलटं. रिकामं आणि भरलेलं यांत कधी गोंधळ होऊ नये म्हणून.

"रिकामं ते उलटं," ओनोदेरा म्हणत. "घरात आग लागली तरी हे आधी. मग पळ."

या उन्हाळ्यात ओनोदेरांना एकोणऐंशी पूर्ण झाली. उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं होतं. त्यांची थर्टी-ओ-सिक्स जातीच्या काडतुसाची रायफल जड, लांब नळीची. बांबूच्या झुडपांत अडकायची. त्यांनी ठरवलं, शेवटची म्हणून एक आखूड नळीची रायफल घ्यायची. मग सगळा जुलै त्या दोघांनी काडतूस निवडण्यात घालवला.

"थर्टी-ओ-सिक्सच ठेवा की," गुणवंत म्हणाले. "सवयीचं आहे. नळी फक्त आखूड घ्या."

"वजनकाट्यात शिकलास तेवढंच शिकलास. काडतूस मोठं, दारू जास्त. आखूड नळीत ती सगळी जळायच्या आत गोळी बाहेर. उरलेली तोंडाशी भडकणार. संध्याकाळच्या उजेडात माझे डोळे दिपले आणि अस्वल वीस पावलांवर असलं तर?"

"मग तीनशे आठ."

"तीनशे आठ. लहान काडतूस, लवकर जळणारी दारू."

"आणि हलकी गोळी? वेग तरी मिळेल."

"हलकी गोळी कोल्ह्याला. अस्वलाच्या खांद्याचं हाड पाहिलंयस ना? तांब्याची, जड. वेग कमी पडला तर पडू दे. अस्वल काय शंभर मीटरवर फोटो काढून घ्यायला उभं राहणार आहे?"

एवढं लख्ख बोलणाऱ्या माणसाबद्दल शंका तरी कशी यावी? ऑगस्टअखेर त्यांनी नव्या बंदुकीचा अर्ज दिला.

सप्टेंबरमध्ये दोघे नेमबाजीच्या मैदानावर गेले. ओनोदेरांच्या हातात जुनीच रायफल होती. तीन बार नेहमीसारखे झाले. चौथ्याला बार झालाच नाही, नुसतं 'टक्' झालं. ओनोदेरांनी सवयीने पुढचं काडतूस चढवायला बंदुकीचा दांडा मागे खेचला आणि गुणवंतांनी आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं मनगट धरलं.

"थांबा! गोळी आत आहे."

गोळी नळीत अडकली होती. काडतुसात दारूच नव्हती. नुसत्या टोपीच्या जोराने गोळी चार बोटं सरकली होती. मागून दुसरा बार उडाला असता, तर नळी फुटून ओनोदेरांच्या तोंडावर आली असती.

"टोपी दमट झाली असेल," ओनोदेरा म्हणाले.

टोपी दमट असती तर गोळी हललीच नसती. हे गुणवंतांना ओनोदेरांनीच शिकवलं होतं.

परत आल्यावर अवजारांची पेटी ठेवायला गुणवंत खोपटात शिरले. मेजावर तो ठोकळा होता. त्यात अकरा काडतुसं सुलटी उभी होती. त्यांनी एकेकात डोकावून पाहिलं. सात भरलेली होती आणि चार रिकामी. त्यांनी चारही रिकामी उलटी केली आणि घरी आले.

चौथ्या दिवशी ठाण्यातले कान्नो-सान आले. दाराशी जोडे नीट लावून ठेवणारा, हळू बोलणारा पोलीस. अर्ज आला की शेजाऱ्यांना विचारायचं, ही रीतच. "ओनोदेरा-सानांच्या वागण्यात अलीकडे काही बदल जाणवला का? विसरणं वगैरे?"

गुणवंतांच्या समोर बारा वर्षांपूर्वी दाराशी उभे राहिलेले ओनोदेरा आले.

"नाही," ते म्हणाले. "काही बदल नाही."

कान्नो-सानांनी ते लिहिलं, वाकून नमस्कार केला आणि गेले. सुलेखा भाजी चिरता चिरता थांबली होती.

"अहो, तुम्ही खोटं बोललात."

"तुला काय माहीत?"

"तेहेतीस वर्षं झाली. खोटं बोलताना तुम्ही चष्मा काढता."

चष्मा हातात होता.

"त्यांची बंदूक गेली तर काय उरेल त्यांच्याकडे, सुलेखा? बायको नाही. मुलगा कावासाकीहून वर्षातून एकदा येतो."

"आणि ती फुटली तर काय उरेल?" ती म्हणाली आणि पुन्हा चिरायला लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गुणवंत स्वतःचा वजनकाटा कापडात गुंडाळून शेजारी गेले. कंपनीने निरोपाला दिलेला तो काटा. ओनोदेरांनी काट्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"भरलेली काडतुसं किती आहेत तुमच्याकडे?" गुणवंतांनी विचारलं.

"अडतीस."

"वजन करू या. सगळ्यांचं."

ओनोदेरा एकदम भडकले. "बारा वर्षांपूर्वी तुला काडतुसाचं बूड कुठलं आणि तोंड कुठलं ते कळत नव्हतं! माझी काडतुसं तोलतोस?"

"हो," गुणवंत म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही.

शेवटी ओनोदेरांनी कपाटाचं कुलूप काढलं. एकेक काडतूस ते स्वतः काट्यावर ठेवत आणि गुणवंत आकडा वाचत. काटा दशांशाच्या पुढे थोडासा हलायचा आणि थांबायचा. एकोणिसावं तीन ग्रॅमहून जास्त हलकं निघालं, म्हणजे आत दारूच नव्हती. ओनोदेरांनी ते बाजूला ठेवलं. एकतिसावंही. अडतिसावं झाल्यावर त्यांनी काटा स्वतःच बंद केला.

"जास्त भरलेलं?" त्यांनी विचारलं.

"एकही नाही."

"या वेळी," ओनोदेरा म्हणाले. बाजूची दोन काडतुसं त्यांनी बोटाने एकमेकांजवळ सरकवली. "अस्वलासमोर असलं निघालं तर मी मरेन. ते चालेल. पण दहा पावलांवर तू असतोस."

गुणवंत काटा कापडात गुंडाळायला लागले.

"पोलीस आला होता?"

"आला होता."

"काय सांगितलंस?"

"काही बदल नाही म्हणून."

"मूर्खा." ओनोदेरा हे अगदी हळू म्हणाले. "मी तुझ्याबद्दल खरं सांगितलं होतं."

मग त्यांनी फोन पुढे ओढला. "नंबर लाव. बोलणार मी. पण तू समोर बसून राहा. मधेच विसरलो, तर..." आणि वाक्य तसंच राहिलं.

कान्नो-सान दुसऱ्याच दिवशी आले. अर्ज मागे घेतल्याचा कागद, परवाना परत केल्याचा कागद, बंदूक, अडतीस काडतुसं. ओनोदेरांनी प्रत्येक कागदावर शिक्का उमटवला आणि बंदुकीला वाकून नमस्कार केला. गाडी निघताना गुणवंतांनी कान्नो-सानांना गाठून आपण खोटं बोलल्याचं सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "दाभोळे-सान, पुढच्या वेळी पहिल्यांदाच सांगा." गुणवंत बस थांब्यापर्यंत उगाचच चालत गेले आणि परत आले.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात ओनोदेरा होते, शिकारीचं नारिंगी जाकीट घालून. काखेत तो लाकडी ठोकळा.

"गुना-सान, आखूड नळीचं ठरवायचं राहिलंय. थर्टी-ओ-सिक्स की तीनशे आठ?"

सुलेखाने गुणवंतांकडे पाहिलं आणि चहा ठेवायला आत गेली. गुणवंतांनी कागद पेन्सिल आणली. ओनोदेरांनी सगळं पहिल्यापासून समजावलं: जास्तीची दारू, तोंडाशी भडका, अस्वलाच्या खांद्याचं हाड. फोटो काढून घेणाऱ्या अस्वलाचा विनोदसुद्धा त्याच जागी आला, आणि गुणवंत त्याला पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसले. शेवटी निवड तीनशे आठचीच झाली. ओनोदेरा समाधानाने घरी गेले आणि पुढच्या शनिवारी पुन्हा आले.

आता बर्फ पडायला लागलं आहे, तरी ते येतात. गुणवंत जुने कागद लपवतात आणि कोरा काढतात.

परवा बोलता बोलता ओनोदेरा मधेच थांबले. कागदाकडे पाहत राहिले.

"ही बंदूक घ्यायची कुणासाठी आहे?"

गुणवंतांचा हात चष्म्याकडे गेला.

"माझ्यासाठी," ते म्हणाले.

ओनोदेरांनी त्यांना नीट न्याहाळलं. "मग आखूड नळीचीच घे. तुझेही खांदे पडलेत."

ठोकळ्यात एक जुनं पितळी काडतूस सुलटं राहिलं होतं. बोलता बोलता ओनोदेरांनी ते उचललं, आत डोकावून पाहिलं आणि उलटं करून ठेवलं.