काकूंचे अडुसष्ट तास

अन्याय झाला माझ्या चुलतीवर. गेल्या पोळ्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी, सकाळी आठ वाजता. करणारा मी.

पोट साफ करायच्या पुड्या विकणाऱ्यांविरुद्ध आमचा गट तेव्हा पत्रक काढत होता. धडधाकट माणसाचं खाल्लेलं बाहेर पडायला किती वेळ लागतो हेच लोकांना ठाऊक नाही, म्हणून पुड्या खपतात, असं माझं म्हणणं. उमरग्याच्या एका डॉक्टरांनी सोपी रीत सांगितली. मका खायचा, वेळ लिहायची. दाण्याची साल पचत नाही, ती दिसते. शेवटची दिसेल तेव्हा पुन्हा वेळ लिहायची. मध्ये परत मका खायचा नाही.

मंगळवारी दुपारी बारा वाजता मी, काका आणि काकूंनी मक्याची उसळ खाल्ली. तिघंही ठणठणीत. संडासाच्या दारामागं मी कागद आणि पेन्सिल टांगली. काका म्हणाले, "आता हितं बी हजेरी लावायची व्हय?" पण लावली. त्यांचे बेचाळीस तास भरले, माझे चव्वेचाळीस, काकूंचे अडुसष्ट.

मला काही कळेना. बाई दिवसभर रानात राबते, नीट जेवते, तक्रार काही नाही. पण आकडा तर समोर होता. काकांच्या देखत मी त्यांना सांगून टाकलं की तुमचं पोट मंद आहे. पत्रकातही ओळ घातली: दोन दिवसांत पोट साफ व्हायलाच हवं.

काकूंनी आठवडी बाजारातून पुडी आणली. पुढं रोजच घ्यायला लागल्या. पोटात पीळ पडायचा तरी घ्यायच्या.

महिन्याभरानं त्या कालची भाजी डब्यात भरताना दिसल्या, आणि मला शंका आली. उसळ खाल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी, त्या बुधवारी दुपारी रानात काय नेलं होतं, विचारलं.

"तीच उसळ. उरली व्हती."

"काकू, परत मका खाऊ नका म्हणलं होतं ना तुम्हाला?"

"परत कुठं केला? शिळंच तर खाल्लं."

उरलेलं बाईनंच संपवायचं आणि ते खाण्यात धरायचंही नाही, ही आमच्या घरची रीत. बुधवारपासून मोजलं तर त्यांचे तास बरोबर माझ्याएवढे.

डॉक्टरांकडं पळालो. ते म्हणाले, अडुसष्ट असते तरी काय बिघडलं? निरोगी माणसांतही कुणाला एक दिवस लागतो, कुणाला तीन. मग मी चुकलो कुठं? मोजण्यात, का मोजून दोष काढण्यात? अजून नीट उलगडत नाही.

काकूंना पुडी सोडा म्हणून विनवलं. त्या म्हणाल्या, "तवा बी तूच सांगितलास, आता बी तूच. कुठलं खरं धरू?"

पुडी चालूच आहे.

ते पत्रक तुमच्या घरात असेल तर ती ओळ आत्ता खोडा. आणि ती वाचून घरात कुणी पुडी सुरू केली असेल, तर आजच त्यांना डॉक्टरांकडं घेऊन जा.