पाटीवरची हिरवी पट्टी

बऱ्हाणपूर स्टेशनावर उतरलो तेव्हा श्रीनिवासच्या काखेत ती लाकडी पाटी होतीच. पुण्याहून निघाल्यापासून त्याने ती खाली ठेवली नव्हती. भुसावळला चहा प्यायला तोही पाटीसकट. आम्ही दोघं विद्यापीठाच्या आरोग्य-अर्थशास्त्र गटातले. सरकारच्या वेगवेगळ्या आरोग्य योजना एकत्र करायचं त्या वर्षांत घाटत होतं, आणि कोणत्या दुखण्याला आधी हात घालायचा हे ठरवायला, लोकांना आपलं दुखणं किती जड जातं ते आम्ही मोजत होतो. माझी आई याला सरळ रिकामटेकडेपणा म्हणते.

मुक्काम सिंधीपुऱ्यात होता. सकाळी कोपऱ्यावर खव्याची जिलबी खाल्ली, काळपट, जाड, आणि इतकी मऊ की पुण्याच्या जिलबीची मला कीव आली. हलवाई म्हणाला, "दवाखान्याचे डॉक्टर हाय का तुमी?"

"डॉक्टर आहोत, पण औषध देत नाही."

"मग कायचे डॉक्टर?"

मी उत्तराऐवजी आणखी एक जिलबी मागितली.

तिथून जीपने तापीकाठच्या एका गावी गेलो. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, घडांच्या ओझ्याने झाडं वाकलेली, त्यांना बांबूचे टेकू दिलेले. आमच्या यादीतलं पहिलं घर एकनाथभाऊंचं. नवरा-बायको दोघंच, पन्नाशी उलटलेली. आमचा नियम असा की प्रत्येकाला एकट्याने विचारायचं आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला कळू द्यायचं नाही. म्हणून एकनाथभाऊंना ओट्यावर बसवलं आणि आम्ही आत सुमनबाईंसमोर बसलो.

पाटीवर दोन पट्ट्या असतात. लाल पट्टी हलत नाही. ती म्हणजे आजच्या दुखण्यासकट जगायची दहा वर्षं. हिरवी सरकते, ती म्हणजे ठणठणीत वर्षं. दुखणं जाणार असेल तर त्या बदल्यात आयुष्यातली किती वर्षं सोडाल, तेवढी हिरवी आखूड करायची. खरं कुणी काही देत नाही, घेत नाही, हे श्रीनिवासने तीनदा बजावलं.

सुमनबाईंनी बोटं पुढे केली. सांधे सुजून गाठीसारखे झाले होते. मग त्यांनी हिरवी पट्टी सरकवली, ती थेट अर्ध्याच्याही अलीकडे आणून ठेवली.

"इतकी सोडाल?" माझ्या तोंडून निघून गेलं. असं विचारायचं नसतं.

"हाव. लेकिन ताई, यांना सांगू नका. यांना कळलं तर मले बागेत येऊ देणार नाही. लग्न झाल्यापासून आमी दोघं संगंच जातो. घरी बसून मी काय भिंतीशी बोलू?"

"कुणालाही सांगणार नाही," मी म्हणाले, आणि ते अगदी मनापासून म्हणाले.

मग जेवण. पाहुणा उपाशी गेला तर घराची लाज जाते, त्यामुळे सुटका नव्हती. कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाच्या एकत्र पिठाची), वांग्याचं भरीत आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा. त्या सुजलेल्या हातांनी थापलेली भाकरी मी तीन वेळा वाढून घेतली आणि प्रत्येक घासाला मला ओशाळं वाटलं.

या जेवणाच्या गडबडीत हिरवी पट्टी परत लांब करायची राहून गेली. जेवणानंतर सुमनबाई भांडी घासायला मागे गेल्या आणि श्रीनिवासने एकनाथभाऊंना आत बसवून पाटी पुढे ठेवली. समजावण्यात तो पक्का मास्तर. आखूड हिरवी म्हणजे काय, हे त्याने नीट उलगडून सांगितलं. एकनाथभाऊ लक्ष देऊन ऐकत होते. मग पट्टीच्या टोकावर त्यांनी बोट ठेवलं.

"अन् ही इथं कोणी आणली?"

श्रीनिवासला खोटं बोलता येत नाही. तो माझ्याकडे बघत राहिला. त्या घरात आमच्यासमोर आतापर्यंत एकच माणूस बसलं होतं.

"मी रोज विचारतो, दुखतं का," एकनाथभाऊ म्हणाले. "नाय म्हणते." त्यांनी पाटी हळूच आमच्याकडे सारली. "माझं राहू द्या साहेब."

आम्ही निघालो तेव्हा उन्हं कलली होती. सुमनबाई कोपऱ्यातला विळा घेऊन बागेकडे निघाल्या होत्या. एकनाथभाऊंनी तो त्यांच्या हातातून अलगद काढून घेतला.

"तू बस. आजपासून मी एकटा जातो."

आवाजात राग नव्हता, माया होती, आणि तेच वाईट झालं. सुमनबाईंनी नवऱ्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं.

"ताई, सांगितलं ना तुमी?"

"नाही हो, खरंच नाही," मी म्हणाले. शब्द न् शब्द खरा होता.

परतीच्या गाडीत श्रीनिवासने पाटी पहिल्यांदाच खाली, पायाशी ठेवली. आमच्या अहवालात सांध्यांचं दुखणं बरंच वर आलं. कधी काळी औषध त्या गावापर्यंत पोचेलही, आणि त्यात सुमनबाईंच्या उत्तराचाही वाटा असेल. लोक विचारतात, बऱ्हाणपूर कसं आहे? मी खव्याच्या जिलबीचं सांगते. केळीच्या बागांचं सांगायला घेतलं की मला ओट्यावर एकटी बसलेली बाई दिसते, आणि मी विषय बदलते.