पाट्यावरचा लॅपटॉप

आमच्या घरात लॅपटॉपची जागा स्वयंपाकघरात होती, शेगडीच्या बाजूला पाट्यावर. कोणाला हसायचं असेल त्याने आधी हसून घ्यावं, मग पुढे वाचावं. मिक्सर आल्यापासून पाटा रिकामाच पडून होता. मुलीने तिचा जुना लॅपटॉप आईला दिला, तो तापायला लागला, तशी बायकोने तो उचलून सरळ पाट्यावर ठेवला. दगड थंड असतो, विषय संपला. तरीही मधेच तो फट्कन बंद पडायचा. मग ती म्हणायची, "दमला बिचारा," आणि मासे तळायला उठायची. माझ्याबद्दल एवढी माया तिने कधी दाखवली नाही. मी कारखान्यातून दमून आलो की, "अवो, नळाला पानी आलंय, हंडे भरा," एवढंच.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर ती गेली.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. बोईसरला कापड रंगवायच्या कारखान्यात बॉयलरवर हेल्पर होतो, त्यातच जन्म गेला. त्यामुळे उष्णता म्हणजे काय ते मला कोणी शिकवायला नको, असं मी समजत होतो. पुढे बघा काय झालं.

मुलगी पुण्याला असते. तिचं काम मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. शेवटी एवढं कळलं, की कॉम्प्युटरच्या पोटात एक मुकादम असतो, त्याला कर्नल म्हणतात. कोणी किती काम करायचं, कधी थांबायचं, ते सगळं तो ठरवतो. त्या मुकादमाला उष्णता सांभाळायला शिकवणं हा मुलीचा धंदा. हे मी आमच्या गावात, चिंचणीच्या नाक्यावर सांगितलं तेव्हा एकाने विचारलं, यासाठी पगार देतात? म्हटलं, तुझ्या माझ्यापेक्षा जास्त देतात, गप चहा पी.

आईच्या वर्षश्राद्धाला ती आली. जेवणं झाली, पाहुणे गेले, आणि ती आईचा लॅपटॉप टेबलावर घेऊन बसली. दुसऱ्या दिवशी दुपारी म्हणाली, "बाबा, हा का बंद पडतो ते सापडलं."

"म्हातारा झालाय."

"नाय. त्याला चुकीचं शिकवून पाठवलंय."

मग तिने समजावलं. मशीन बनवतानाच त्यात एक छोटा प्रोग्राम भरलेला असतो, त्याचं नाव फर्मवेअर. तो मुकादमाला सांगतो: एवढं तापलं की पंखा लाव, त्याच्यावर गेलं की काम हळू कर, आणि त्याच्याही वर गेलं तर सगळं बंद कर, नायतर जळेल. या मॉडेलमध्ये बनवणाऱ्याने आकडे उलटसुलट घातलेले. बंद करायचा आकडा खाली आणि पंखा लावायचा त्याच्या वर. मुकादम आज्ञाधारक. त्याला जे सांगितलं ते तो करतो. पंख्याची पाळी येण्याआधीच दुकान बंद. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की या घरात त्या लॅपटॉपचा पंखा मी कधी ऐकलाच नव्हता.

"म्हणजे आधी मरायचं आन् मग डॉक्टरला बोलवायचं," मी म्हणालो.

बोललो आणि जीभ चावली. बायकोच्या वेळी आमच्याकडे तसंच झालं होतं. मुलगी पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हो, तसंच," आणि चहा ठेवायला उठली. त्या चहात साखर दोनदा पडली. आम्ही दोघांनी तो तसाच प्यायला.

चहा झाल्यावर तिने खरी अडचण सांगितली. मुकादमासाठी तिने एक ताकीद लिहिली होती: हे मॉडेल दिसलं तर त्याच्या फर्मवेअरचं ऐकू नको, मी दिलेले आकडे धर. पण हा कर्नल सांभाळणारी माणसं जगभर पसरलेली आहेत, आणि त्यांचं म्हणणं, एवढं जुनं मशीन आता कोणी वापरत नाही. पुढच्या खेपेला कर्नलमधून या मॉडेलचा सगळा भागच काढून टाकणार. कोणाकडे खरंखुरं मशीन असेल, आणि त्याने ताकीद घालून, तापवून, बघून सांगितलं, तरच तो राहील.

"काढला तर?"

"नवीन कर्नल घातला तरी हा सुरू होईल, पण त्याचा ताप कोणी बघणार नाय. एक दिवस जाईल."

"कोणी वापरत नाय म्हणून काढायचं? मला तरी कोण वापरतो?"

"तुमचं फर्मवेअर माझ्या हातात नाय बाबा. नायतर कधीच दुरुस्त केलं असतं."

आईच्या वळणावर गेली आहे.

लॅपटॉप पुण्याला न्यायचा तिचा विचार होता. मी नाही म्हणालो. बायकोच्या साड्या वाटल्या तेव्हा मी तोंड उघडलं नव्हतं, पण हा घरातून हलणार नाही. मुलीने वाद घातला नाही. "मग तपासायचं तुमी," म्हणाली. तिने ताकीद आत घातली आणि मला शिकवलं. एक बटण दाबलं की लॅपटॉप बिनकामाची गणितं करत सुटतो. बाहेर काही दिसत नाही, आत नुसतं दळण. आईच्या पाकिटातली एक लाल टिकली काढून तिने त्या बटणावर चिकटवली. "टिकली दाबायची आणि बघत बसायचं. मला पुण्यात आकडे दिसतील. बाकी काही करायचं नाय. कळलं? काही नाय."

ती गेली. दुसऱ्या दिवशी मी टिकली दाबली. दळण सुरू झालं. थोड्या वेळाने मुलीचा फोन.

"बाबा, कमाल झाली! तापतच नाय! एवढं छान चालेल असं मलाच वाटलं नव्हतं. आता कळवते त्यांना."

मी म्हटलं, "कळव." छाती थोडी फुगली होती.

फोन ठेवला नव्हता. ती मधेच थांबली. "बाबा, पंखा लागला?"

"नाय."

"पंख्याशिवाय? मे महिन्यात? चिंचणीत?" मग तिचा आवाज बदलला. "लॅपटॉप कुठे हाय?"

"जागेवर."

"कुठल्या जागेवर?"

"त्याच्या."

"बाबा!"

झालं होतं असं. टेबलावर उन्हाची तिरीप येते. बिचाऱ्याला मुद्दाम तापवायचं आणि वर उन्हात बसवायचं, हे मला बघवेना. म्हणून मी तो पाट्यावर नेला. पाट्याखाली ओलं गोणपाट घातलं, माठाला गुंडाळतो तसं. वर टेबलफॅन लावला. बॉयलरवर असताना साहेब तपासणीला यायचे, तेव्हा आम्ही सगळं असंच झाकून पुसून ठेवायचो. तपासणी म्हटली की हात आपोआप तिकडेच जातात.

मुलगी आधी हसली, खूप हसली. मग एकदम गंभीर झाली. "तुमच्या नावाने कळवणार होते मी. खऱ्या मशीनवर तपासलं म्हणून. जगात आणखी कोणाकडे हे मॉडेल असेल, त्याच्याकडे पाटा नाय आणि गोणपाट पण नाय. त्याचं मशीन तुमच्या भरवशावर जळलं असतं."

"मग आता?"

"टेबलावर ठेवा. पंखे बंद. परत दळण."

"आन् तुझी ताकीद चुकली असेल तर? तापून गेला, परत उठलाच नाय तर?"

ती म्हणाली, "तसं होऊ शकतं. मी खोटं नाय सांगणार."

फोन ठेवून मी हिशेब मांडला. न तपासता ठेवला तर आज वाचतो, पण पुढे कर्नलमधला त्याचा भाग काढून टाकतात. तपासला तर कदाचित आजच जातो. बायकोची वापरातली वस्तू म्हणून दुसरं काही उरलं नव्हतं, कारण तिने काही उरवलंच नाही. चांगल्या बशा पाहुण्यांसाठी ठेवायच्या असतात हे तिला पटायचं नाही. लग्नातली पैठणी नेसून ती भाजीला जायची. जपून ठेवलेली एक वस्तू या घरात सापडत नाही, माणूससुद्धा नाही. मला तर तिने चांगलंच वापरलं. म्हटलं, हा तरी काय कपाटात ठेवायचा.

लॅपटॉप टेबलावर आणला, घरातले सगळे पंखे बंद केले, टिकली दाबली आणि त्याच्यावर तळवा ठेवून बसलो.

तेवढ्यात मासळीवाली आली. सातपाटीची बाई, बरीच वर्षं आमच्या दारावर येते, बायकोशी भावावरून भांडायची. टोपली उतरवून उंबऱ्यात टेकली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"काय करता काका? ताप बघता काय त्याचा?"

"गप बस जरा. ऐकतोय."

"काय ऐकता?"

"पंखा."

तिने वर छताकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. दोघंही घामाने निथळत होतो. "पंखा बंद हाय काका," ती अगदी हळू म्हणाली, जपून. "लावू काय मी?"

"हात लावू नको!"

ती उठलीच. वहिनी गेल्यापासून काकांचं असं झालंय, असं गावभर सांगायला निघालीच होती. तळव्याखाली लॅपटॉप चांगलाच तापला होता. हात काढावा असं वाटलं, काढला नाही. आणि मग आतून घर्रर्र आवाज आला, थांबला, परत आला, आणि लागला एकदाचा. बाजूच्या फटीतून गरम वारा माझ्या मनगटावर. त्याच्याबरोबर वास. तळलेल्या बोंबलाचा, आल्या-लसणाचा, हळदीचा. शेगडीशेजारी बसून त्याने जेवढं खाल्लं होतं, तेवढं सगळं बाहेर काढलं.

मासळीवालीने नाक वर केलं. "माझी मासळी ताजी हाय हां! हा वास माझ्या टोपलीचा नाय!"

"नाय बाई, तुझा नाय."

तिने आणखी एकदा वास घेतला आणि माझ्यासमोर जमिनीवर बसली. "वहिनी आलं जास्त घालायच्या," म्हणाली. त्या दिवशी भाव न करता मासळी देऊन गेली.

मुलीचा फोन आला. "बाबा, आकडा वर गेला आणि थांबला! बंद पडला नाय ना?"

"चालू हाय."

"पंखा?"

मी मोबाईल त्याच्याजवळ धरला. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "आता एकच राहिलं. थंड झाल्यावर पंखा थांबतो का ते बघायचं. नायतर अर्धवट राहील. दळण कधी संपलं?"

माझं बोट अजून टिकलीवरच होतं.

"बाबा, परत टिकली दाबलीत?"

"दाबली."

"किती वेळा?"

"तुला काय करायचंय?"

आता ती हसली नाही. "आता दाबू नका," एवढंच म्हणाली, आणि फोन चालूच ठेवला.

दळण संपलं. मी हात मांडीवर घेतला. पंखा चालत राहिला, मग थोडा मंद झाला, मग आणखी. वास विरला. शेवटी एक बारीकशी घरघर झाली आणि घरात पुन्हा काहीच ऐकू येईना.

"थांबला," मी म्हणालो.

"लिहू?"

"लिही. आन् माझं नाव पूर्ण लिही, बापाच्या नावासकट."